दुसऱ्या रिक्वेस्टला बिघडणारी स्क्रिप्ट : मॉडपर्लखाली चुका कशा शोधल्या

पर्ल भाषेतल्या जुन्या सीजीआय स्क्रिप्टचा (वेब सर्व्हर प्रत्येक मागणीला, म्हणजे रिक्वेस्टला, बाहेरून चालवतो त्या) एक गठ्ठा आम्ही मॉडपर्लखाली, म्हणजे पर्ल सर्व्हरच्या आतच चालवणाऱ्या मॉड्यूलखाली, आणला. वेब सर्व्हर अपाचे २.४, प्रीफोर्क एमपीएम (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणाऱ्या अनेक प्रोसेस आधीच काढून ठेवण्याची अपाचेची रीत), आणि सीजीआय स्क्रिप्ट चालवायला मॉडपर्लची रजिस्ट्री. या सगळ्या स्क्रिप्ट साध्या सीजीआयखाली वर्षानुवर्षे चालत होत्या. इथे मात्र एखादं पान रिफ्रेश केलं की कधी बरोबर उत्तर, कधी शून्य, कधी चक्क दुसऱ्याच माणसाने भरलेली माहिती. या कामात काय काय सापडलं आणि ते कोणत्या क्रमाने शोधलं, ते इथे मांडतो आहे.

आधी पाया. सीजीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला नवा पर्ल सुरू होतो, काम झालं की मरतो, आणि त्याच्याबरोबर त्याची सगळी घाणही जाते. उघड्या फाइली बंद होतात, व्हेरिएबल्स नष्ट होतात, डेटाबेसचं कनेक्शन तुटतं. १९९६मध्ये आलेल्या मॉडपर्लने पर्लचा इंटरप्रिटर थेट अपाचेच्या प्रोसेसमध्येच बसवला. स्क्रिप्ट एकदा कंपाइल होते आणि तीच प्रोसेस पुढच्या हजारो रिक्वेस्ट हाताळते. वेग येतो तो यातूनच, आणि त्रासही यातूनच. म्हणून इथे कुठलीही चूक समोर आली की पहिला प्रश्न ‘कोणत्या ओळीत?’ हा नसतो. कोणत्या प्रोसेसमध्ये, आणि त्या प्रोसेसची कितवी रिक्वेस्ट, हे आधी विचारायचं.

त्याच्याही आधी एक खात्री करून घ्यावी लागते: स्क्रिप्ट खरोखर मॉडपर्लखाली चालते आहे का? एक चार ओळींची चाचणी-स्क्रिप्ट लिहिली. तिने मॉड_पर्ल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, प्रोसेसचा आयडी आणि एका ग्लोबल काउंटरची वाढवलेली किंमत छापायची. व्हेरिएबल रिकामं आलं आणि आयडी दर वेळी बदलला, तर आपण अजून सीजीआयमध्येच आहोत. हे बहुतेक वेळा कॉन्फिगमधल्या स्क्रिप्टअलायस या डिरेक्टिव्हमुळे (सर्व्हरला दिलेल्या सूचनेमुळे) होतं. ते डिरेक्टिव्ह साध्या अलायससारखं पत्ता जोडतं आणि वर सीजीआयचा हँडलरही (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) लावून मोकळं होतं. तिथे साधं अलायस हवं. मग त्या डिरेक्टरीच्या ब्लॉकमध्ये सेटहँडलरला पर्ल-स्क्रिप्ट, पर्लरिस्पॉन्सहँडलरला मॉडपर्ल::रजिस्ट्री, ऑप्शन्समध्ये अधिक-चिन्हासह एक्झेकसीजीआय, आणि पर्लऑप्शन्समध्ये अधिक-चिन्हासह पार्सहेडर्स. हे शेवटचं राहिलं आणि स्क्रिप्ट हेडर स्वतः प्रिंट करत असेल, तर ‘कंटेंट-टाइप’ची ओळ पानाच्या माथ्यावरच मजकूर म्हणून दिसते.

४०३ (नकार) आणि ५०० (सर्व्हरमधली चूक) या एरर-कोडांवर फार वेळ घालवायची गरज नसते, एररलॉग स्पष्ट सांगतो. एक्झेकसीजीआय बंद असेल तर तसं नाव घेऊन लिहितो, फाइलला एक्झिक्यूटची परवानगी नसेल तर तेही. परवानगी फाइलची ठीक दिसूनही नकार येत असेल, तर वरच्या प्रत्येक डिरेक्टरीची तपासावी. नेमआय कमांड उणे-एलसह दिली की अख्खी साखळी एका नजरेत दिसते. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल तर ऑडिट लॉग बघावा. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असताना कनेक्शन नाकारलं जात असेल, तर एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हे बूलियन (चालू-बंद सेटिंग) बंद आहे का ते आधी पाहायचं. आणि स्क्रिप्ट टेम्प डिरेक्टरीत फाइल लिहिते असं लॉग सांगतो, पण शेलमधून ती फाइल दिसतच नाही, असं झालं तर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युनिट फाइलमध्ये प्रायव्हेटटेम्प चालू असतं. सर्व्हरला त्याची स्वतःची वेगळी टेम्प मिळालेली असते.

खरं काम लॉगच्या आखणीपासून सुरू झालं. अॅक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये टक्का-पी घातला, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टपुढे तिच्या प्रोसेसचा आयडी येतो. जोडीला टक्का-डी, म्हणजे लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक तपास-वॉर्नमध्येही (एररलॉगमध्ये ओळ लिहिणाऱ्या कमांडमध्ये) आयडी छापला. एवढ्यावर दोन्ही लॉग एकमेकांना जोडता येतात, आणि विशिष्ट आयडीच्या ओळी ग्रेप या शोध-कमांडने वेगळ्या काढल्या की त्या प्रोसेसचा पूर्ण इतिहास हाती येतो. हे न करता सगळ्या प्रोसेसच्या सरमिसळ ओळी वाचत बसणं हा शुद्ध कालापव्यय आहे.

ब्राउझरवरून चाचणी घेण्यात एक फसगत आहे. कीपअलाइव्ह (पुढच्या रिक्वेस्टसाठी कनेक्शन उघडं ठेवणं) चालू असताना एकाच कनेक्शनवरच्या लागोपाठच्या रिक्वेस्ट प्रीफोर्कमध्ये एकाच प्रोसेसकडे जातात, २.४मध्ये कीपअलाइव्हटाइमआउट मुळात ५ सेकंदांचा असतो. पटापट रिफ्रेश मारलं तर एकाच प्रोसेसची तपासणी होते, थोडं थांबून मारलं तर भलत्याच. कमांड-लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारा कर्ल उणे-आयसह वापरून प्रत्येक रिक्वेस्ट स्वतंत्र पाठवली की हा गोंधळ मिटतो आणि हेडरही डोळ्यांसमोर येतात.

मग सर्व्हर एकाच प्रोसेसवर आणला. एचटीटीपीडीला (अपाचेच्या मुख्य प्रोग्रॅमला) उणे-एक्स, मोठ्या लिपीतला, दिला की एकच वर्कर चालतो आणि तो टर्मिनल सोडून मागे जात नाही. डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर हे अपाचे२सीटीएलमार्फत करावं, नाहीतर एन्व्हव्हार्स फाइलमधली व्हेरिएबल्स मिळत नाहीत. आता ‘कधी कधी’ येणारी चूक नेमाने यायला लागली: पहिली रिक्वेस्ट बरोबर, दुसरीपासून चूक. अनेक प्रोसेस असताना प्रत्येकीची पहिली रिक्वेस्ट बरोबर येते, म्हणून रीस्टार्टनंतर थोडा वेळ सगळं आलबेल वाटतं आणि वर्दळ वाढली की तक्रारी सुरू होतात. याची एक मर्यादाही लक्षात ठेवावी: हाताने सुरू केलेल्या सर्व्हरला सिस्टमडीचं प्रायव्हेटटेम्प लागू होत नाही आणि पाथसारखी व्हेरिएबल्स तुमच्या शेलची मिळतात. म्हणजे बिघाड त्या कारणाचा असेल तर उणे-एक्सखाली तो गायब होतो. हीसुद्धा खूणच आहे.

दुसऱ्या रिक्वेस्टला बिघडण्याचं आमच्याकडचं मुख्य कारण एकच निघालं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रजिस्ट्री तुमची अख्खी फाइल उचलते, फाइलच्या मार्गावरून एक पॅकेजचं नाव बनवते, आणि सगळा मजकूर हँडलर नावाच्या सबरूटीनमध्ये गुंडाळते. प्रत्येक रिक्वेस्ट म्हणजे त्या हँडलरला एक कॉल. त्यामुळे तुमच्या फाइलच्या वरच्या पातळीवर ‘माय’ने (म्हणजे त्या ब्लॉकपुरती) घोषित केलेली व्हेरिएबल्स आता हँडलरच्या आतली झाली आणि तुमची नाव असलेली सबरूटीन्स हँडलरच्या पोटातली. नाव असलेलं सब (सबरूटीन) पर्ल एकदाच कंपाइल करतो आणि तेव्हा दिसलेलं बाहेरचं ‘माय’ व्हेरिएबल ते घट्ट धरून ठेवतं. पहिल्या कॉलमध्ये आत-बाहेर एकच व्हेरिएबल असतं. हँडलर संपला की बाहेरच्याला पुढच्या कॉलसाठी नवं व्हेरिएबल मिळतं. आतल्या सबकडे मात्र पहिलंच राहतं, आणि जन्मभर राहतं.

प्रत्यक्षात काय दिसतं? वर टोटल शून्यावर ठेवली, एका सबमध्ये तिच्यात फॉर्ममधली रक्कम मिळवली, शेवटी छापली. पहिल्यांदा बरोबर. दुसऱ्यांदा शून्य, कारण सबने मिळवलेली रक्कम जुन्या टोटलमध्ये गेली. त्याहून भयंकर म्हणजे सीजीआयचा क्यू ऑब्जेक्ट. सब जर वरच्या क्यूमधून पॅरामीटर वाचत असेल, तर ते कायम पहिल्याच रिक्वेस्टचे पॅरामीटर वाचतं. दुसऱ्याची माहिती दिसण्याचं गूढ ते हेच.

पर्ल याची पूर्वसूचना देतो. वॉर्निंग्ज चालू असतील तर एररलॉगमध्ये ‘व्हेरिएबल अमुक विल नॉट स्टे शेअर्ड’ अशी ओळ येते, ओळ क्रमांकासह. पण ती येते फक्त कंपाइल होताना, म्हणजे प्रत्येक प्रोसेसमध्ये एकदाच. चूक दिसल्यावर लॉगचं शेपूट पाहत बसलात तर ती ओळ केव्हाच वर निघून गेलेली असते. म्हणून रीस्टार्टपासूनचा पूर्ण लॉग घेऊन ‘स्टे शेअर्ड’ हे शब्द ग्रेप करावेत. आमच्या गठ्ठ्यातल्या बिघडलेल्या स्क्रिप्टची यादी या एका शोधातून तयार झाली. दुसरी फसवी गोष्ट अशी की रजिस्ट्री स्क्रिप्टची बदलाची वेळ पाहते आणि फाइल बदलली असेल तर पुन्हा कंपाइल करते. तुम्ही काहीतरी बदलता, सेव्ह करता, एकदा चालवून बघता, उत्तर बरोबर येतं! दुरुस्त काहीच झालेलं नसतं. ती फक्त नव्या कंपाइलची पहिली रिक्वेस्ट असते. तेव्हा कुठलाही बदल केल्यावर त्याच प्रोसेसला निदान तीनदा, आणि वेगवेगळ्या इनपुटने हाक मारायची.

उपाय तीन-चार आहेत आणि ते सारख्या दर्जाचे नाहीत. ‘माय’च्या जागी ‘अवर’ (पॅकेजचं ग्लोबल) करणं सर्वांत झटपट; पण मग प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला त्याला स्पष्ट किंमत द्यावीच लागते, नाहीतर मागच्याची किंमत पुढे येते. सबला नाव न देता ते एका ‘माय’ व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी चालतं, कारण अनाम सब प्रत्येक कॉलला नव्याने बांधलं जातं. हवं ते अर्ग्युमेंट म्हणून पाठवायचं आणि उत्तर रिटर्न करायचं, ही स्वच्छ रीत. आम्ही बहुतेक ठिकाणी सगळी सबरूटीन्स मॉड्यूलमध्ये हलवली आणि स्क्रिप्टमध्ये मॉड्यूल घेऊन त्याला कॉल करणाऱ्या दोन-तीन ओळी ठेवल्या. मेहनत जास्त पडते, पण त्यानंतर ही चूक त्या फाइलमध्ये शिरूच शकत नाही.

आतल्या सबने बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवण्याचा, म्हणजे क्लोजरचा, प्रश्न मिटल्यावरही काही स्क्रिप्ट हट्टाला पेटलेल्या होत्या. इथून पुढचा तपास एकाच धाग्याचा: रिक्वेस्ट संपली तरी काय मागे राहिलं? स्ट्रिक्टशिवाय (व्हेरिएबल घोषित करण्याच्या पर्लच्या सक्तीशिवाय) लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ग्लोबल व्हेरिएबल अट खरी ठरली तर १ होतं आणि खोटी ठरली तर कुणी त्याला हात लावत नाही. सीजीआयमध्ये ते आपोआप रिकामं असायचं. इथे एका प्रशासकाने लॉगिन केलं की त्या प्रोसेसकडे येणारा पुढचा माणूसही प्रशासक. युज स्ट्रिक्ट घालून अघोषित नावं पकडली, आणि ‘माय’ घोषणेच्या शेपटाला ‘इफ’ जोडलेल्या ओळी शोधून दोन भागांत तोडल्या, कारण अशी घोषणा जुनी किंमत सांभाळून ठेवू शकते.

रेग्युलर एक्स्प्रेशनच्या शेवटी असलेला ‘ओ’ हा मॉडिफायर त्याहून छुपा. त्याचा अर्थ पॅटर्न एकदाच बनवा. पॅटर्नमध्ये शोधशब्दाचं व्हेरिएबल असेल तर त्या प्रोसेसला मिळालेला पहिला शोधशब्द तिथे कायमचा गोठतो. प्रत्येक प्रोसेसचा पहिला शब्द निराळा, त्यामुळे एकाच शोधाला प्रत्येक प्रोसेस निराळी उत्तरं देते. हा मॉडिफायर काढून टाकायचा. वेग हवाच असेल तर क्यूआर या ऑपरेटरने पॅटर्न त्या रिक्वेस्टपुरता बनवून घ्यायचा.

पर्लच्या विशेष व्हेरिएबल्सचंही तेच. अख्खी फाइल एका दमात वाचायला कुणीतरी डॉलर-स्लॅश (ओळ कुठे संपते ते ठरवणारं व्हेरिएबल) रिकामं करतं आणि परत भरत नाही. मग त्याच प्रोसेसमधली संपूर्ण वेगळी स्क्रिप्ट ओळ-ओळ वाचायला जाते आणि तिला पूर्ण फाइल एकाच ओळीत मिळते. दोष एका फाइलीत, लक्षण दुसरीत. ब्लॉकमध्ये ‘लोकल’ लावलं की ब्लॉक संपताच जुनी किंमत परत येते आणि प्रश्न संपतो. चालू डिरेक्टरी, यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा), सिग्नल हँडलर हेही असेच मागे उरतात.

फाइल-हँडल नुसत्या मोठ्या अक्षरांच्या नावाने उघडलं असेल तर ते ग्लोबल असतं आणि स्क्रिप्ट संपल्यावर बंद होत नाही. त्यावर फ्लॉक घेतलेला असेल तर कुलूपही सुटत नाही, आणि दुसरी प्रोसेस त्याच फाइलसाठी ताटकळत राहते. ‘माय’ व्हेरिएबलमध्ये हँडल घेतलं की स्कोप संपताच ते बंद होतं, मध्येच स्क्रिप्ट डायने चूक फेकून थांबली तरी.

एक्झिटबद्दल थोडं. रजिस्ट्री एक्झिटची जागा स्वतःच्या एक्झिटने घेते, म्हणून प्रोसेस मरत नाही. मॉडपर्ल २मध्ये हे आतून अपवाद फेकून केलेलं असतं. परिणामी इव्हॅल या चुका पकडणाऱ्या ब्लॉकच्या आतून एक्झिट केलं तर तो अपवाद इव्हॅलच गिळतो आणि पुढचा कोड खुशाल चालतो. ‘रीडायरेक्ट केल्यावरही खालचं पान छापलं जातं’ अशी तक्रार असेल तर हेच पाहावं. इव्हॅलनंतर एररची किंमत मॉडपर्ल::एक्झिट आहे का तपासून ती पुन्हा डायने वर फेकायची, किंवा एक्झिट इव्हॅलच्या बाहेर काढायचं.

मॉड्यूलमध्ये बदल केला आणि काहीच फरक पडला नाही, हा अनुभव नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला येतो. रजिस्ट्री स्क्रिप्टवर लक्ष ठेवते, मॉड्यूलवर नाही. मॉड्यूल एकदा आयएनसी हॅशमध्ये (लोड झालेल्या फाइलींच्या यादीत) नोंदलं गेलं की पुन्हा वाचलं जात नाही. विकासाच्या सर्व्हरवर अपाचे२::रीलोड हे बदललेली मॉड्यूल्स पुन्हा लोड करणारं मॉड्यूल पर्लइनिटहँडलर म्हणून लावलं. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर ते न लावता रीस्टार्ट करतो.

याच हॅशमुळे आणखी एक विचित्र प्रकार होतो. पॅकेज नसलेली कॉन्फिग-पीएल अशी फाइल दोन स्क्रिप्ट रिक्वायर करतात, म्हणजे आत घेतात. पहिली स्क्रिप्ट चालते तेव्हा त्यातली सबरूटीन्स पहिलीच्या पॅकेजमध्ये जातात. दुसरी रिक्वायर करते तेव्हा नोंद असल्यामुळे फाइल वाचलीच जात नाही, आणि ‘अनडिफाइन्ड सबरूटीन’ असा संदेश येतो, ज्यात मॉडपर्ल::रूटपासून सुरू होणारं लांबलचक पॅकेजचं नाव असतं. ते नाव दिसलं की समजावं. आणि दोन वेगळ्या डिरेक्टरींत एकाच नावाची कॉन्फिग फाइल असेल तर ज्याने आधी मागितली त्याची चालते. चाचणीची साइट खऱ्या डेटाबेसला जाऊन भिडणं अशाने घडतं. कॉन्फिगला स्वतःचं, एकमेव नावाचं पॅकेज द्यावं. एकाच सर्व्हरवर दोन साइट ठेवणं भागच असेल तर व्हर्च्युअल होस्टमध्ये (एका साइटच्या कॉन्फिग-ब्लॉकमध्ये) पर्लऑप्शन्सला अधिक-पेरेंट देऊन स्वतंत्र इंटरप्रिटर घ्यावा.

कॉन्फिग ‘सापडत नाही’ असा संदेश असेल तर कारण वेगळं. पर्ल ५.२६पासून (२०१७) चालू डिरेक्टरी शोधमार्गातून काढली आहे, आणि मॉडपर्ल::रजिस्ट्री तसंही स्क्रिप्टच्या डिरेक्टरीत जात नाही. मॉडपर्ल::रजिस्ट्रीप्रीफोर्क जाते, पण पूर्ण मार्ग लिहिणं अधिक भरवशाचं.

डेटाबेसच्या बाबतीत दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. प्रीफोर्कमध्ये मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स (एका वेळच्या प्रोसेसची कमाल संख्या) मुळात २५६ असतो आणि मायएसक्यूएलचं मॅक्स_कनेक्शन्स १५१. अपाचे::डीबीआय प्रत्येक प्रोसेसमध्ये कनेक्शन धरून ठेवतं, त्यामुळे गर्दीच्या वेळी ‘टू मेनी कनेक्शन्स’ येणं हे साधं गणित आहे. वर्कर कमी करावेत किंवा तिकडची मर्यादा वाढवावी. अपाचे::डीबीआय हे डीबीआयच्या (पर्लच्या डेटाबेस-मॉड्यूलच्या) आधी लोड व्हायला हवं. सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये उघडलेलं कनेक्शन फोर्कनंतर, म्हणजे मुख्य प्रोसेसमधून चाइल्ड प्रोसेस निघाल्यावर, सगळ्या प्रोसेसमध्ये वाटलं जातं आणि उत्तरं एकमेकांत मिसळतात. कनेक्शन नेहमी चाइल्ड प्रोसेसमध्येच उघडायचं. रात्रभर शांत राहिलेली प्रोसेस सकाळी ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ म्हणते, कारण मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. स्क्रिप्टने स्वतः हँडल ग्लोबलमध्ये जपून ठेवलं असेल तर हे होतं. प्रत्येक रिक्वेस्टला कनेक्ट म्हणावं. अपाचे::डीबीआय पिंग करून जिवंत कनेक्शनच परत देतं, नसेल तर नवं उघडतं.

अडकलेल्या प्रोसेस पाहायला मॉड_स्टेटसचं (कोणती प्रोसेस काय करते आहे ते दाखवणारं) पान एक्स्टेंडेडस्टेटससह उघडलं. बराच वेळ ‘डब्ल्यू’ (उत्तर पाठवण्याच्या) अवस्थेत असलेल्या ओळीवरून आयडी आणि पत्ता मिळतो. त्या आयडीवर एसट्रेस (प्रोसेसने ऑपरेटिंग सिस्टमला केलेले कॉल दाखवणारी कमांड) लावला की दोन शक्यता. एखाद्या फ्लॉकवर किंवा सॉकेटच्या रीडवर थांबलेली असेल तर एलएसओएफने (उघड्या फाइलींच्या यादीने) तो कशाचा ते कळतं. एसट्रेस गप्प आणि सीपीयू पूर्ण जळतोय, तर पर्लमध्येच लूप आहे. त्यासाठी स्टार्टअप फाइलमध्ये यूएसआर२ सिग्नलला कार्प::कन्फेस जोडून ठेवलं होतं. सिग्नल पाठवला की कॉलची पूर्ण उतरंड एररलॉगमध्ये. पर्ल ५.८पासून सिग्नल चालू ऑपरेशन संपल्यावरच पोहोचतो, त्यामुळे एखाद्या राक्षसी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये किंवा सी भाषेतल्या लायब्ररीत अडकलेल्या प्रोसेसला ही हाक ऐकू जात नाही. तिथे जीडीबी हा डीबगर.

फुगत जाणारी मेमरी हा या सगळ्यात कमी रोचक भाग. मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड मुळात ०, म्हणजे प्रोसेस कधीच निवृत्त होत नाही. त्याला काही हजारांचा आकडा दिला आणि फार फुगलेली प्रोसेस संपवणारं अपाचे२::साइजलिमिट लावलं. मोठी मॉड्यूल्स स्टार्टअप फाइलमध्येच लोड केली, म्हणजे फोर्कनंतर मेमरीतली ती पानं प्रोसेसमध्ये सामाईक राहतात.

शेवटी राहिला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या भलत्या जागेला हात लावल्याने प्रोसेस मरणं. एररलॉगमध्ये ‘चाइल्ड पीआयडी अमुक एक्झिट सिग्नल सेगमेंटेशन फॉल्ट (११)’ अशी ओळ, ब्राउझरला रिकामं उत्तर, आणि पर्लचा एकही शब्द नाही. शुद्ध पर्लच्या चुकीने हे सहसा होत नाही. सीमध्ये लिहिलेलं एखादं मॉड्यूल एका पर्लसाठी बांधलेलं आणि सर्व्हरमध्ये भलताच पर्ल, हे नेहमीचं कारण. नशीब चांगलं असेल तर फॉल्टऐवजी ‘लोडेबल लायब्ररी अँड पर्ल बायनरीज आर मिसमॅच्ड’ असं स्पष्ट वाक्य मिळतं. मॉडपर्लच्या एसओ फाइलवर एलडीडी चालवून ती कोणत्या लिबपर्लला जोडलेली आहे ते पाहिलं, आणि चाचणी-स्क्रिप्टमधून सर्व्हरच्या आतला शोधमार्ग छापून तो शेलमधल्या पर्ल उणे-व्ही, मोठ्या लिपीतला, याच्या उत्तराशी ताडून पाहिला. पर्ल५लिब या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेली जुन्या आवृत्तीची डिरेक्टरी तिथेच उघडी पडली. ती काढून मॉड्यूल्स नव्या पर्लने पुन्हा बांधल्यावर सर्व्हर पूर्ण थांबवून मग सुरू केला. इथे ग्रेसफुल रीस्टार्टवर विसंबू नये, कारण मुख्य प्रोसेस तीच राहते आणि जुनी लायब्ररी तिच्या मेमरीत टिकून राहू शकते.